तोफेच्या तोंडचं झाकण

माझ्या सासरी देव्हाऱ्यात एका तोफेचं झाकण होतं आणि ते चोरीचं होतं. यातलं पहिलं मला लग्नाआधीच ठाऊक होतं. दुसरं कळायला तीन वर्षं गेली, आणि कळलं ते भर रस्त्यावर, ज्यांच्या घरी आमच्या वन्संना द्यायचं ठरत होतं त्या पाहुण्यांच्या देखत. आजही ते आठवलं की माझी मान आपोआप खाली जाते. मी काही चोरलं नव्हतं, तरी जाते.

झाकण पितळेचं होतं. लहान ताटलीएवढं, पण चांगलं जड. वरच्या बाजूला जहाजाचा नांगर, त्याला वेढे घातलेला दोर आणि कडेने इंग्रजी अक्षरं. खालच्या बाजूला चार बोटं लांबीचा गळा, तो तोफेच्या तोंडात बसायचा. मामा, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या बाजूला समुद्रकाठच्या एका टेकडीवर तोफखान्यात होते. तिथली तोफ मुळात जहाजावरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कधीतरी विलायतेत घडवलेली. जहाज म्हातारं होऊन मोडीत निघालं, पण तोफ धडधाकट होती, म्हणून इंग्रजांनी ती उतरवून टेकडीवर आणून बसवली, समुद्राकडे तोंड करून. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने तिच्या पोटात गंज धरू नये म्हणून काम नसेल तेव्हा तोंडाला हे झाकण.

आमचं गाव कोल्हारपासून आत, कालव्याच्या वरच्या अंगाला. कालव्याचं पाणी खालच्या गावांना, आम्हाला नुसतं त्याचं दर्शन. अशा गावातल्या माणसाने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तोफेच्या मागे उभं राहून. त्यातून लढाई म्हणावी तर त्यांच्या वाट्याला ती आलीच नाही. लाँचमागे ओढत नेलेल्या लाकडी तराफ्यावर सरावाचे गोळे टाकायचे, बाकी सगळे दिवस पुसणं आणि तेल देणं. मामा हे खरंच सांगत असत, "आमच्याम्होरं वैरी आलाच न्हाई," पण गावाला ते रुचत नसे. मग गावानेच त्यांच्या नावावर एक जहाज बुडवलं, आणि लढाई संपल्यावर गोऱ्या साहेबाने खूश होऊन स्वतःच्या हाताने हे झाकण त्यांना बक्षीस दिलं, असंही गावानेच ठरवलं. मामा म्हणाले होते एवढंच, की साहेबाकडनं आणलं. घोंगडीत काहीतरी गुंडाळून आलेल्या लेकाला आईने विचारलं, हे काय रे, आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. पुढची पंचवीस वर्षं त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

मी त्या घरात पडले तीही झाकणापायीच. माझे वडील स्थळ पाहायला गेले, देव्हाऱ्यातल्या झाकणाला हात जोडले आणि घरी येऊन म्हणाले, माणसं मानाची आहेत. मुलगा साखर कारखान्यात फिटर आहे हे त्यांनी आईला त्यानंतर सांगितलं.

झाकणाचा खरा दिवस खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शस्त्रं आणि हत्यारं पुजतात. विळे, कोयते, नांगराचा फाळ, ह्यांचे कारखान्यातले पाने, आणि मधोमध पाटावर झाकण. गावातली माणसं नारळ घेऊन दर्शनाला येत. नवरदेव लग्नाला निघताना मारुतीच्या आधी आमच्या दारात येऊन जात. ते झाकण घासायचं काम घरातल्या सर्वांत नव्या सुनेचं. चिंच आणि राख घेऊन मी बसायची आणि कोपरं दुखेपर्यंत घासायची. मला माझ्या घासण्याचा गर्व होता. माझ्या हाताखाली ते असं लखलखायचं की शेजारणी मुद्दाम बघायला येत. नांगराभोवतीच्या दोराचे पीळ दर वर्षी थोडे थोडे सपाट होत चालले होते, अक्षरं विझत चालली होती, पण ते माझ्या डोळ्यांत भरत नव्हतं, चकाकी भरत होती.

घासताना माझ्या सासूबाई, आत्याबाई, शेजारी बसून एक गोष्ट दर वर्षी सांगत. झाकण घरात आलं तेव्हा त्याच्या गळ्याला जाड कातड्याची पट्टी होती. "देवात कातडं चालतं व्हय? म्या इळीवर धरून कापलं आन टाकून दिलं उकिरड्यात." हे त्या मोठ्या अभिमानाने सांगत, आणि त्या सांगू लागल्या की मामा उठून बाहेर जात. मला वाटे, बायकांच्या गप्पांचा कंटाळा येत असेल.

मामांची आणखी एक खोड होती, तिची मात्र मला त्या वेळीही लाज वाटायची. सगळं गाव आपल्या शिवारावर ढग येतो का ते बघायचं, आणि हे भेटेल त्याला विचारायचे, मुंबईकडं पाऊस कसा हाय. बहात्तरचा दुष्काळ पडला, विहिरींचे तळ दिसले, बायाबापड्या खडी फोडायला जाऊ लागल्या, तरी यांचा प्रश्न तोच. कारखान्यातून ह्यांचे कोणी सोबती मुंबईला जाऊन आले की मामा आधी त्यांना गाठत. मुंबईला पाऊस चांगला झाला म्हटलं की यांचा चेहरा उतरायचा. लोक म्हणायचे, म्हातारा जळतो मुंबईवर. पाण्याच्या बारीला बायका माझ्याकडे बघून हसत आणि मी घागर रिकामी असली तरी ती कमरेवर घेऊन तोंड फिरवून उभी राहायची.

एकाहत्तरच्या लढाईत रेडिओवर कराचीची बातमी आली, आपल्या आरमाराने तिथे आग लावली म्हणून. गावाला एवढं निमित्त पुरलं. झाकणाला हार घालून पाटावर ठेवलं, पाट डोक्यावर घेतला आणि वाजतगाजत वेशीपर्यंत मिरवला. पाटामागे मामा. मान इतकी खाली की हनुवटी छातीला टेकलेली. लोक म्हणाले, बघा, एवढा पराक्रमी माणूस, पण गर्व कसा तो नाही. मीही ओसरीवरून बघत होते, आणि माझा ऊर भरून आला होता.

दुष्काळ चालू असतानाच हे एकदा नगरला जाऊन आले आणि बातमी घेऊन आले. भिंगारच्या बाजूला एका लष्करी छावणीच्या फाटकाशी जुनी लांबलचक तोफ आणून ठेवली आहे. मुंबईकडच्या किनाऱ्यावरून आणली म्हणतात. नुसती नळीच आहे, सिमेंटच्या दोन ओट्यांवर आडवी ठेवून तिला हिरवा रंग दिलाय. मामा जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि एवढंच विचारलं, "तोंडाला काय हाय?" ह्यांनी बघितलं नव्हतं.

त्याच सुमाराला वन्संचं नगरजवळच्या सावेडीला जमत आलं होतं. सावेडीचे पाहुणे कचेरीतून निवृत्त झालेले, माळावर नवा बंगला बांधलेला, मुलगा नोकरीला. आमच्यासारख्या कोरडवाहू घरात ते आले ते झाकणाचं नाव ऐकून, यात आम्हा कोणालाच शंका नव्हती. तोफेचं कळल्यावर त्यांनाच मोठी हौस आली. झाकण घेऊन या, सगळे मिळून तोफ बघू, फोटो काढू आणि मग आमच्या घरी सुपारी फोडू, असा त्यांनी निरोप धाडला. आत्याबाईंनी झाकण न्यायला आधी नकार दिला, देव घराबाहेर काढतात का म्हणून. मामा म्हणाले, न्यायचं. त्यांनी कधी नव्हे तो आवाज चढवला होता.

मी सगळ्यांना पुरतील एवढ्या पुऱ्या लाटल्या, वन्संना माझा हिरवा शालू नेसवला. मामांनी नवाकोरा पांढरा फेटा बांधला. झाकण त्यांनी कपाटातल्या रेशमी वस्त्रात नाही गुंडाळलं. माळ्यावरची जुनी लष्करी घोंगडी काढली, ज्यात ते आलं होतं, तिच्यातच बांधलं. एसटीत ते गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. कोल्हारपासून नगरपर्यंत त्यांनी गाठीवरची मूठ सोडली नाही. मी आत्याबाईंच्या कानाशी लागले, मामांना बरं नाही का. त्या म्हणाल्या, लेक जायची म्हणून जीव हलला असंल.

फाटकाशी सावेडीची मंडळी आमच्या आधीच उभी होती. पाहुणे कोट-टोपीत, त्यांची बायको आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला मुलगा. पहाऱ्यावरच्या जवानाला मामांनी टाच जुळवून सलाम केला आणि आपण कोण ते हिंदीत सांगितलं. तोफ रस्त्याच्या कडेलाच होती. त्याने जवळ जायला खुशाल परवानगी दिली.

मामा आधी तोंडाकडे गेले नाहीत. मागच्या बाजूने सुरुवात केली आणि आंधळ्यासारखा हात फिरवत रंगावरून पुढे पुढे सरकत आले. एका जागी हात थांबला. रंगाखाली अंगठा मावेल एवढा खळगा होता. टेकडीवर चढवताना साखळी तुटून ती एका दगडावर आदळली होती, ते सांगायचे आम्हाला. "हीच," ते म्हणाले. पाहुण्यांनी आनंदाने बायकोकडे पाहिलं. मुलगा कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकला.

मग मामा तोंडाशी आले. तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता. तो त्यांनी उपसला, बाही मागे सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तो कोपराच्या वरपर्यंत तांबडा. मुठीत गंजाच्या खपल्या आणि पाखराच्या घरट्याच्या काड्या. त्या मुठीकडे ते बघत राहिले. मग मुठीवरची नजर न काढता ते बोलले.

"सायबानं दिलं न्हाई. म्या चोरून आनलंय. पलटन मोडली, जो तो काय ना काय बांधून घेत हुता. लढाई सरली, म्हनलं आता तोफंला झाकनाचं काय काम. घरी आलो आन पावसाळा लागला. तवापासनं हिच्या तोंडात पानी चाललंय."

एसटी गेली, धूळ उडाली, खाली बसली. पाहुण्यांच्या मुलाने कॅमेरा हळूच खाली घेतला. आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला तो घेतलाच. वन्सं माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या, त्यांची नखं मला रुतत होती. मला दया आली नाही, खरं सांगते. मला राग आला. पंचवीस वर्षं गप्प बसलात, आणखी दोन तास बसला असतात तर काय बिघडलं असतं? सुपारी फुटू द्यायची होती. एकटे येऊन ठेवून जायचं होतं. असं सगळं माझ्या मनात येत होतं आणि त्याच वेळी मला माझे हात दिसत होते, चिंच आणि राख घेऊन ते चोरीचं पितळ घासणारे. कुठे लपवावेत ते कळेना, म्हणून मी ते पदराखाली घेतले.

मामांनी घोंगडी सोडली. झाकण दोन्ही हातांनी धरून तोफेच्या तोंडात बसवलं. ते सरकलं आणि खणकन खाली पडलं. उचलून फुंकर मारून पुन्हा बसवलं. पुन्हा पडलं. ते सैल होत होतं. गळा आणि तोंड यांच्यामध्ये बोटभर फट राहत होती. तेव्हा पदराच्या आडून आत्याबाईंचा आवाज आला, "कातडं." एवढंच. ती पट्टीच झाकण धरून ठेवायची, आणि ती पंचवीस वर्षांपूर्वी उकिरड्यात गेली होती. देवाला चालत नाही म्हणून.

पाहुणे म्हणाले, राहू द्या आता, जे झालं ते झालं, चला. ते फार सभ्य आवाजात म्हणाले, आणि ती सभ्यता मला थपडेसारखी लागली. मामांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला.

आमच्याकडे व्याह्यापुढे कोणी बोडकं होत नाही. डोकं उघडं करायचं ते सुतकात. मी तीन वर्षं त्या घरात होते, पण मामांचं उघडं डोकं कधी पाहिलं नव्हतं. कपाळाचा खालचा भाग उन्हाने काळाभोर, आणि जिथे फेटा बसतो तिथून वर सगळं गोरं, विरळ पांढऱ्या केसांचं. मी नजर दुसरीकडे वळवली. कापड फाडल्याचा आवाज तेवढा आला. त्यांनी दाताने फेटा फाडून त्याची पट्टी झाकणाच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळली, तोंडात घातली आणि तळहाताने ठोकत ठोकत आत बसवली. उरलेल्या कापडाने कडेची धूळ पुसली. झाकण हललं नाही. भोवती पांढऱ्या कापडाची एक कड तेवढी बाहेर दिसत राहिली.

जवानाने मध्येच जाऊन आतून आपल्या वरच्याला बोलावून आणलं होतं. मामा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले, आता मला काय करायचं ते करा अशा बेताने. तो बाप्या तरुण होता. त्याने झाकणावर दोनदा टकटक केली, मामांकडे पाहिलं, आणि असू द्या, चांगलं दिसतं, असं हिंदीत म्हणून आत निघून गेला. चोरी एवढ्यात निकालात निघाली. आमच्या घरात मात्र ती तिथून सुरू झाली.

निघताना मामांनी तोफेच्या अंगावर हात ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "हितं आनली ते बेस झालं. हितं पाऊस न्हाई." ज्या साली चारा नाही म्हणून आम्ही जनावरं दुष्काळी छावणीत सोडली होती, त्या साली हे शब्द. आत्याबाई तिथेच ओट्यावर बसून मोठ्याने रडू लागल्या.

सावेडीला आम्हाला चहा मिळाला. सुपारीचा विषय कोणी काढला नाही. कळवतो म्हणाले. माझ्या पुऱ्यांचा डबा तसाच परत आला, बांधलेला. त्यांनी कळवलं नाही आणि आम्हीही विचारायला गेलो नाही. विचारणार कोणत्या तोंडाने?

गावाला कळायला वेळ लागला नाही. नवरदेव दारात यायचे बंद झाले, मारुती त्यांना पुरू लागला. पाण्याच्या बारीला बायका मला विचारीत, काय गं, आता काय घासतीस? वन्सं कित्येक महिने बापाशी बोलल्या नाहीत, त्यांचं ताट वाढायच्या पण समोर सरकवून निघून जायच्या. पुढच्या खंडेनवमीला पाटाच्या मधोमध जागा मोकळी राहिली. ह्यांनी तिथे आपला मोठा पाना ठेवला, तर आत्याबाईंनी तो उचलून कडेला केला. त्या जागेला नुसतं हळदीकुंकू वाहिलं. घासायला काही नव्हतं, तरी मी सवयीने चिंच भिजत घातली होती. ती मी परसात नेऊन ओतली, कोणी बघणार नाही अशी.

मामा मात्र त्या दिवसापासून नीट झोपू लागले. मुंबईचा पाऊस त्यांनी पुन्हा कोणाला विचारला नाही. आता विचारायचे ते नगरहून येणाऱ्याला, झाकण हाय ना जाग्यावर. हे दर खेपेला मुद्दाम भिंगारकडून चक्कर मारून येत आणि सांगत, आहे. आणि फेट्याची कड? तीही आहे, पण मळलीय. मग मामा समाधानाने मान हलवीत.

पण डोक्याला त्यांनी पुन्हा काही बांधलं नाही. बाजारात बोडके, मयतीला बोडके, बारशाला बोडके. मी ह्यांच्या मागे लागून नवा फेटा आणवला, तो ट्रंकेत पडून राहिला. लोक बघतात, म्हणून मी एकदा आत्याबाईंकडून निरोपही धाडला. मामा तसेच बोडके बाजाराला निघाले.

दोन उन्हाळ्यांनी वन्संचं कोल्हारलाच जमलं. साधी शेतकरी माणसं, झाकणाचं सगळं ऐकून होती, तरी त्यांनी मुलगी केली. वैशाखातलं लग्न, मांडव गच्च भरलेला, आणि वळवाचे ढग जमू लागलेले. अक्षता पडल्या तेव्हा काही दाणे मामांच्या घामेजल्या डोक्याला चिकटून बसले, ते त्यांनी काढले नाहीत. मग व्याहीभेट झाली. नवरदेवाचे वडील ताटात गुलाबी फेटा घेऊन आले आणि मामांना बांधायला हात वर केले. सगळा मांडव बघत होता. मी मनात म्हणत होते, आज तरी बांधून घ्या, लेकीसाठी तरी.

मामांनी व्याह्यांचे दोन्ही हात धरून हळूच खाली केले.

"रागावू नका," ते म्हणाले, "माजा फेटा ड्युटीवर हाय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. व्याह्यांनी फेटा ताटात ठेवला. मामा मांडवाबाहेर गेले आणि नगरच्या बाजूचं आभाळ बघत उभे राहिले.